टेकडीवरून आमची गाडी

लेकीशी, सनाशी, बोलणं बंद होऊन आठ दिवस झाले, तेव्हा शारजाच्या वाळवंटातल्या म्लेइहाला जायचं ठरवलं. ती पुण्यात शिकते, मी दुबईत, अल मनखूलमध्ये एकटा. माझ्या अब्बांनी पूर्वी दुबईहून रत्नागिरीला आणलेला जुना सिनेमा आम्ही त्या दिवशी फोनवर एकाच वेळी लावून पाहत होतो. वाळवंटातला किल्ला, गोऱ्यांचं घोडदळ, समोर टेकडीवर तिथले मूळ रहिवासी, अपाची. मी लहानपणासारख्या टाळ्या वाजवल्या.

"अब्बा, दे लिव्ह देअर. व्हाय आर यू क्लॅपिंग फॉर द फोर्ट?"

"तुला सिनेमा कळत नाही," असं म्हणून मी फोन ठेवला.

म्लेइहाचे खडक अगदी त्या सिनेमातल्यासारखे दिसतात. फोटो पाठवला की बोलणं आपोआप सुरू होईल, असा बेत होता. माफी टाळायचाच तो प्रकार.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. तासाभराचा सरळ रस्ता. वाटेत कडक चहा, दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये. चहावाल्याने माझी गाडी पाहून बजावलं, "भाईसाब, छोटी गाड़ी है, रेत में मत उतारना."

उतरवलीच. पन्नास पावलांवर चाकं रुतली. खाली वाकून हातांनी वाळू उपसत होतो. आसपास कोणी नाही.

अर्ध्या तासाने एक म्हातारा स्थानिक माणूस पिकअप घेऊन आला. इथे रुतलेली गाडी दिसली की कोणी न थांबता पुढे जात नाही. त्याने आधी माझ्या टायरांची हवा सोडली, मग दोर बांधला. "यल्ला!" म्हणजे चला, असं ओरडून त्याने ओढलं. गाडी निघाली. पैसे पुढे केले तर रागावला.

"आपने मुझे देखा कैसे?"

त्याने टेकडीकडे हात केला. "वहाँ से सब दिखता है, हबीबी. तुम आया, तब से."

त्याच्यामागे वर चढलो. खाली त्याचे उंट, त्याच्या आजोबांची विहीर आणि मधोमध आमची पांढरी गाडी. आगंतुक. सिनेमातल्या त्या टेकडीवरून मी कधी पाहिलंच नव्हतं.

तिथूनच फोटो पाठवला. खाली लिहिलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. मी चिडायला नको होतं."

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आणि डांबर सोडू नका.

घरी पोचून चपला काढतोय तोच फोन आला.

"इज दॅट अवर कार? सो टायनी!" सना हसली. मग म्हणाली, "दादाजी पण फोर्टसाठी क्लॅप करायचे?"

हो म्हणणार होतो. पण अब्बा सुट्टीवर यायचे, माझ्या शेजारी बसून सिनेमा पाहायचे, आणि त्यांनी टाळी वाजवल्याचं मला एकदाही आठवेना. तीस वर्षं परक्या वाळूत काढलेला माणूस.

"विचारलंच नाही गं कधी," मी म्हटलं.