लांडगा कोण, ते मला कळायचं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मिलिंदला, माझ्या नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्यातले कुणी नाही.

गोष्ट एका मोबाइलवरच्या खेळाची आहे. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या.

मिलिंदच्या बदलीमुळे आम्ही गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आलो. या बंगाली शहरात मराठी घरं विखुरलेली. एक या टोकाला, तर दुसरं थेट डमडमला. रोजच्या भेटी शक्यच नाहीत, म्हणून दर रविवारी दुपारी आम्ही आठ-दहा जण ऑनलाइन खेळायला बसायचो. ॲप गुपचूप पानं वाटून दोघांना लांडगा करतं, बाकीचे गावकरी. लांडगे एकेकाला मारत जातात, आणि उरलेल्यांनी बोलून, भांडून, कोण खोटं बोलतंय ते ओळखायचं आणि मतं देऊन त्याला गावाबाहेर काढायचं. जो मेला त्याला सगळ्यांची पानं दिसतात. फक्त त्याने तोंड उघडायचं नाही.

मी या खेळात हुशार होते — म्हणजे, सगळे तसं म्हणायचे. ‘वहिनी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं,’ म्हणायचे. बदल्यांपायी नोकरी सोडल्यापासून माझ्या डोक्याचं कौतुक कुणी केलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगते आहे.

खरं काय होतं? मिलिंद बेसावध बोलायचा आणि पहिल्याच फेरीत मरायचा. मग फोन जेवणाच्या टेबलावर तसाच उघडा टाकून पेपर वाचत बसायचा. मी आतल्या खोलीतून पाणी प्यायला उठायची. पहिल्यांदा नजर चुकून गेली — खरंच चुकून. पुढच्या रविवारी मला तहान लागली नव्हती.

उत्तर आधीच माहीत असलं की तर्क रचणं किती सोपं असतं, ठाऊक आहे? हा आज फार लवकर बोलला, ती उगीच हसली... कुणाच्याही बोलण्यात खोट काढता येते. मी काढायची. लांडगा सापडायचा. आणि मला आनंद व्हायचा — खरा आनंद, जणू मीच तो शोधला होता.

आमच्यात डमडमचे राजवाडे काका होते. बँकेतून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. ‘इथे मावशीला माशी म्हणतात,’ असं एकदा मला म्हणाले होते, ‘आणि त्यावर मराठीत हसायला घरात कुणी नाही.’ रविवारी सगळ्यांच्या आधी तेच येऊन बसायचे. खेळात फारसे बोलायचे नाहीत, नुसते ऐकायचे. आणि हळूहळू त्यांचे अंदाज बरोबर यायला लागले. आणि तेही कुणाची पानं न बघता.

मग एका रविवारी कॉलेजात जाणारी ऋतुजा वैतागून म्हणाली, “कुणीतरी पानं बघतंय. लांडगे इतक्या लवकर कसे सापडतात?”

आणि मग कुणीतरी म्हणालं, “वहिनींनाच विचारा. त्यांना बरोबर कळतं.”

तेव्हा मी काय करायला हवं होतं? ‘मला नाही बाई माहीत,’ एवढं तरी म्हणता आलं असतं. तेवढ्यानेही भागलं असतं.

पण मी तर्क करायला लागले. शांतपणे, नेहमीसारखा. दुसऱ्या फोनवरून प्रेक्षक म्हणून आत आलं तर सगळी पानं दिसतात, असं म्हणाले. मग विचारलं, “काका, तुमच्याकडे दोन फोन आहेत ना? मागच्या वेळी दुसरा वाजला होता.”

“हो,” काका म्हणाले. “आहे. हिचा आहे तो. चार्ज करून ठेवतो मी.”

आणि ऐका — मला ते माहीत होतं. काकूंना अजून सुप्रभातचे मेसेज येतात आणि तो फोन बंद करवत नाही, हे त्यांनी दुर्गापूजेच्या दिवसांत मला, फक्त मला, सांगितलं होतं. माहीत असूनच मी विचारलं.

संध्याकाळी आमच्या खेळाच्या ग्रुपमधून त्यांचा नंबर बाहेर पडला. पाठोपाठ काकूंचा.

मी घाबरले. त्या दिवसापासून मिलिंदच्या फोनकडे बघितलं नाही. तुम्हाला वाटेल, बरं केलं. पण मी थांबले म्हणून लांडगे सापडेनासे झाले, आणि सगळे म्हणाले, “बघा! काका गेले आणि चोरी थांबली.” माझ्या सुधारण्यानेच त्यांच्यावर शिक्का बसला. पुन्हा बघायला लागले असते तर ते सुटले असते. सांगितलं असतं तरी सुटले असते. मी दोन्ही केलं नाही. दर रविवारी खेळत राहिले, हरत राहिले.

मंडळाच्या गणपतीत काका भेटले. बारीक झाले होते. जेवणाच्या रांगेतून बाहेर येऊन माझ्यापाशी थांबले. शेजारीच ऋतुजा होती, मिलिंद होता.

“माझ्यामुळे तुमचा सगळ्यांचा खेळ बिघडला,” ते म्हणाले. “मी मुद्दाम काही केलं नाही गं. पण मी गेल्यावर सगळं नीट झालं म्हणतात, म्हणजे त्या फोनवर माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. मला कळत नाही त्यातलं. तू राग धरू नकोस.”

त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला होता.

ओठांपर्यंत आलं होतं हो. मिलिंद माझ्याकडे बघत होता, कौतुकाने — मी काय मोठेपणा दाखवते ते बघायला.

“जाऊ द्या काका,” मी म्हणाले. “झालं गेलं. मी कधीच विसरले.”

काकांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चेहरा एकदम मोकळा झाला.

मी त्यांना माफ केलं होतं.