काठोकाठ भरलेलं तळं

रास अल खैमाबाहेर एका बिल्डरने वाळलेली पाणथळ जागा पुन्हा जिवंत केली होती. रिसॉर्टच्या पाहुण्यांना दाखवायला अमेरिकेहून मगरींची जोडीही आणली. माणसांना राहायला धड खोल्या नव्हत्या, पण ते असो. २००८च्या मंदीत बिल्डर बुडाला, रिसॉर्टचं बांधकाम पायापाशीच थांबलं, मजूर घरी गेले. उरल्या त्या मगरी आणि तळ्याचा व्हॉल्व्ह सांभाळणारा चिपळूणकडचा महादू.

महादूला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. सोबती निघाले तेव्हा तो बसपर्यंतही गेला नाही. जेवायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, झोपायचं. पुढच्या उन्हाळ्यात मादीने काठावर गवत-चिखलाचा ढीग रचून आत अंडी घातली, तेव्हा मात्र तो रोज लांबून बघत उभा राहू लागला.

अबुधाबीहून प्रकल्पाचे इंजिनिअर सूर्यकांत आले.

"महादू, एक ॲनिमल पार्क इंटरेस्टेड आहे. पिल्लं निघाली तर सगळ्यांना घेतील, तुलाही केअरटेकर म्हणून. नाहीतर खलास, तू घरी."

"निघतील साहेब."

"इन्शाल्ला. आणि हो, परवापासून तळ्यात येणारं प्लांटचं पाणी बंद. मेंटेनन्स आहे."

पाणी बंद म्हटल्यावर महादू कामाला लागला. गावी नळ जाणार असला की आई हंडे, कळश्या, बादल्या भरायचीच, शेवटी पातेलीही सोडायची नाही. त्याने व्हॉल्व्ह पुरता उघडला. तळं काठोकाठ भरलं, तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्याला बरं वाटलं आणि गाढ झोप लागली.

सकाळी ढीग दिसेना. तो होता तिथेच, पाण्याखाली. महादूने धावत जाऊन बांध फोडला, पण पाणी उतरायला वेळ लागायचा तो लागलाच. तोवर आतली अंडी गुदमरून मेली होती.

सूर्यकांत ओरडले नाहीत. "पाणी बंद होणार एवढंच सांगितलं मी. पुढचं मलाही सुचलं नाही," म्हणाले आणि तिकीट हातात दिलं. महादूने ते बघितलंही नाही, खिशात घातलं. आत काही हललं नाही.

निघताना तो काठावर गेला. मादी ढिगाला बिलगून पडली होती. त्याचं पाऊल वाजताच तिने जबडा उघडून फुत्कार टाकला. अजून राखण करत होती.

महादू मटकन खाली बसला आणि मंदीभर न आलेलं रडू त्याला आलं.

"चल, गाडी थांबलीय," सूर्यकांत म्हणाले.

"येतो साहेब. पण हिला कोण सांगणार?"