गंज माझ्या हाताचा नव्हता

माझी नोकरी वाचवली कूलंट विकायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं. कोल्हापुरातल्या कारखान्यात लेथवर मी कापलेल्या स्टीलच्या पिना गंजत होत्या. "तुझ्या हाताला घाम फार, जा परत तुझ्या परभणीला," असं फोरमन रोज सुनावायचा. आठवीत शाळा सोडलेला मी जाऊन करणार काय? हात धुऊन धुऊन वैतागलो होतो.

म्हाताऱ्यानं, कापताना स्टील थंड ठेवायला सोडतात त्या कूलंटच्या टाकीत बोट बुडवून हुंगलं आणि कपाळावर हात मारला. "पोराच्या घामाला काय नावं ठेवताय, सायेब? सडक्या अंड्याचा वास येतोय की! जंतू झाल्यात. ते ॲसिड सोडत्यात, त्येनं स्टील गंजतंय. उरलेला च्या कोण वततंय ह्यात?"

फोरमननं हातातला कप हळूच मागं लपवला.

त्याच दिवशी टाकी धुतली आणि मी कामावर राहिलो. म्हाताऱ्याचं नाव मात्र विचारायचं राहिलं. कधी स्वतःचं लेथ घेतलं, तर कूलंटचा पहिला कॅन त्याच्याकडूनच घेईन आणि माझी टाकी त्याला हुंगायला लावीन.