धावपट्टीसकट उडालेलं विमान

घ्या, चहा घ्या, आणि आधी एक कबूल करा, की हे ऐकून झाल्यावर माझ्या बायकोसमोर कोणी हसणार नाही. ती स्वतःच इतकी हसते की घरात आता दुसऱ्याच्या हसण्याला जागा उरलेली नाही.

मी भूमापक. म्हणजे सरकारी मोजणीवाला. जळगाव तालुक्यात कुठेही दोन भाऊ बांधावरून भांडले की नकाशा घेऊन मी हजर. वीतभर जागा इकडची तिकडे होऊ देत नाही. लोकांना माझं एकच सांगणं असतं, "कागद नीट वाचा हो! सगळं कागदावर असतं!" हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

तर मला नाद आहे लढाऊ विमानांचा. खरी नव्हेत हो! प्लास्टिकची. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. हातभर लांबीचं विमान होतं, पण त्याच्यावरचा एकेक स्क्रूसुद्धा खऱ्यासारखा. मेहरूणच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर गेली कित्येक वर्षं कोणी जेवलेलं नाही. आम्ही जमिनीवर बसतो, टेबलावर हवाई दल असतं.

त्या वर्षी मी तिकोनी पंखांचं एक झकास विमान घेतलं. चार महिने खपलो. चाकांच्या टायरवर धूळसुद्धा रंगवली, बोला! आणि ते पुरं झालं नेमकं त्याच दिवशी, ज्या दिवशी माझे सासरे शिंदखेड्याहून आले.

आमचे नाना म्हणजे कापसाचे शेतकरी, पांढरं धोतर, खिशात सुपारी आणि अडकित्ता. बोलणं मोजकं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण या माणसाने माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढलेला मला आठवत नाही. वाईटही नाही काढला, हेच जास्त लागायचं. माझ्या टेबलाकडे बघायचे, सुपारी कातरायचे आणि मुलीला विचारायचे, "बरी शे ना तू?"

म्हटलं, आज नानांना दाखवूच. मी विमान दोन्ही हातांनी उचललं, टेबलाच्या मधोमध चाकांवर उभं केलं आणि दोन पावलं मागे सरकलो.

विमानाने नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं!

मी पुन्हा ठेवलं. पुन्हा बसलं. नाक आकाशाकडे, पुढचं चाक हवेत, ढुंगण टेबलावर.

"उलाय व्हयनं," नाना म्हणाले.

बैलगाडीत मागे माल जास्त झाला की जू वर उचललं जातं ना, त्याला आपण गाडी उलाळ झाली म्हणतो. नाना उलाय म्हणतात.

"नाकमा वजन टाका, जवाई. गाडीना पुढे माणूस बठाडतस ना, तसं."

आता इथे शहाण्या माणसाने 'हो नाना' म्हणावं की नाही? मी काय केलं? मी नानांना बसवून गुरुत्वमध्य समजावला! पाऊण तास! कागदावर आकृती काढून! नाना ऐकत होते, सुपारी कातरत होते. शेवटी म्हणाले, "हा. पन वजन नाकमाच लागी."

ते गेल्यावर मी खोक्यातला माहितीचा कागद काढला. पहिल्याच पानावर, ठळक चौकटीत लिहिलं होतं, की दोन्ही बाजू चिकटवण्याआधी नाकात वजन भरा. आधी! मी चार महिन्यांपूर्वी नाक सीलबंद करून, वरून तीन हात रंग देऊन बसलो होतो. फोडायचं म्हणजे सगळं काम मातीत. कागद नीट वाचा हो, सगळं कागदावर असतं.

मग मी चोराची वाट धरली. प्लायवूडचा एक तुकडा घेतला, काळा रंगवला, पांढरे पट्टे ओढले, धावपट्टी तयार. आणि पुढच्या चाकाखाली जहाल गोंद लावून विमान धावपट्टीला चिकटवून टाकलं. काय सुरेख उभं राहिलं! बायको म्हणाली, "अहो, ही तर फसवणूक झाली." मी म्हटलं, "याला मांडणी म्हणतात."

इथवर पाप घरातल्या घरात होतं. पण आमच्या शेजारी भास्करभाऊ राहतात. ते एका छोट्या दैनिकाचे वार्ताहर. त्यांना रोज चार कॉलम भरायचे असतात आणि मेहरूणमध्ये रोज काही घडत नाही. ते साखर मागायला आले आणि विमान बघून थबकले.

"भाऊ, यात अवघड काय असतं?"

"तोल!" मी म्हणालो. "तोल सांभाळणं हीच खरी कला. मोठमोठे लोक इथे हरतात."

"मग तुम्ही कसा सांभाळला?"

"गणित," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बातमी! 'मेहरूणच्या भूमापकाने सोडवला लढाऊ विमानाच्या तोलाचा प्रश्न!' विमान प्लास्टिकचं आहे, हातभर आहे, यातलं एक अक्षर नाही. मी भास्करभाऊंना विचारलं, तर म्हणाले, "जागाच नव्हती हो."

मी लगेच खुलासा करायला हवा होता. पण सकाळी दूधवाल्याने हात जोडून 'साहेब' म्हटलं आणि मी म्हटलं, दुपारी करू खुलासा. दुपारी असोद्याचे एक केळीवाले आले, म्हणाले, "बागेवर फवारणी करायची होती, एका फेरीत किती एकर होतील?" मी म्हटलं, संध्याकाळी करू. संध्याकाळी माझ्याच कार्यालयाचा कागद आला, 'आपण कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विमान बांधल्याचे निदर्शनास आले आहे, तरी तीन दिवसांत खुलासा सादर करावा!' आता सांगा, खुलासा कोणाकोणाला करायचा?

आणि मग शिंदखेड्याहून फोन आला. नाना! अठरा वर्षांत त्यांनी मला स्वतःहून केलेला पहिला फोन.

"जवाई, बठ्ठं गाव तुमनं नाव काढी ऱ्हायनं. पेपर वाची दखाडा मी सगळास्ले." आवाजात कौतुक! खरंखुरं! "मंग, टाकं का नाकमा वजन?"

"हो नाना," मी म्हणालो. "टाकलं."

आता काय सांगू तुम्हाला! बातमी भास्करभाऊंची होती, पण हे खोटं माझं होतं, आणि ते मी नेमकं ज्या माणसाकडून शाबासकी हवी होती त्यालाच विकलं.

वाचनालयाने सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे कोण? मूळचे असोद्याचे, हवाई दलातून निवृत्त झालेले एक साहेब! हे कळल्यावर मला बारीक ताप आला. बायको म्हणाली, "तापाचं नाटक चालणार नाही. नाना निघालेत." नाना एकटे नव्हते निघाले. एक जीप भरून गाव घेऊन आले होते. पहिली रांग सगळी पांढरी टोपी.

स्टेजवर टेबल, टेबलावर विमान, विमानावर जांभळं मखमली कापड. सूत्रसंचालकाने माझी ओळख करून दिली. त्यात मी शास्त्रज्ञ झालो, मग संशोधक झालो, आणि शेवटी 'खान्देशाचा गरुड' झालो. साहेबांनी कापड ओढलं. हातभर प्लास्टिक बघून केळीवाले उठून गेले.

पण साहेब खूश! "वा! काय बारीक काम आहे!" म्हणाले, आणि माणसाला आवडलेली वस्तू जशी जवळून बघावीशी वाटते तसं त्यांनी विमान दोन्ही हातांनी उचललं.

विमान उचललं, आणि खालची धावपट्टीही उचलली गेली.

डोळ्यांसमोर आणा. हवाई दलात उभं आयुष्य काढलेला माणूस, हातात विमान, आणि विमानाच्या पुढच्या चाकाला पांढऱ्या पट्ट्यांसकट लोंबकळणारी अख्खी धावपट्टी! साहेबांनी विमान हलवलं. धावपट्टीही हलली. ते मला म्हणाले, "मी बरीच विमानं उडवली, पण रनवे सोबत घेऊन कधी उडालो नाही."

त्यांनी जरा जोर लावला, टक् आवाज झाला, आणि धावपट्टी खाली पडली. साहेबांनी विमान अलगद टेबलावर ठेवलं.

ते शेपटीवर बसलं.

"पाहा!" सूत्रसंचालक माइकमध्ये ओरडला. "पाहा, विमान आकाशात झेपावण्याच्या पवित्र्यात!"

कडाडून टाळ्या! माझी हिंमत बघा, मी मान लववून टाळ्या घेतल्या! साहेब माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "नाकात वजन भरायला विसरलात ना?" मी नुसती मान हलवली. ते भले माणूस, स्वतःही टाळ्या वाजवू लागले.

पण पहिल्या रांगेत एक टोपी उठली. नाना जिना चढून वर आले. माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून अडकित्ता काढला, त्याच्या दोन मुठी फाकवल्या आणि घोड्यावर खोगीर टाकावं तसा तो विमानाच्या नाकावर ठेवून दिला.

विमानाने नाक खाली घेतलं. तिन्ही चाकं टेबलाला टेकली. माझ्या चार महिन्यांत जे झालं नाही ते सुपारी कातरायच्या हत्याराने केलं.

साहेबांनी नानांना कडक सॅल्यूट ठोकला. सूत्रसंचालकाने माइक पुढे केला, "दोन शब्द बोला ना!"

नाना बोलले. "मी तवयच सांगेल व्हतं, नाकमा वजन टाका. तेस्नी खालतून चिटकाडी दिधं." सभागृह हसून लोळलं. नाना थांबले, मग म्हणाले, "पन माणूस चांगला शे. मनी पोरले सुखमा ठेवस. नुसता पुढेना भाग हलका शे, इमानसारखा."

अठरा वर्षांची शाबासकी मला अशी मिळाली, माइकवरून, डोकं हलकं असल्याच्या दाखल्यासह. शरमेने मेलो हो, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. माझ्यासाठी आणलेली शाल साहेबांनी नानांच्या खांद्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी भास्करभाऊंची बातमी, 'शिंदखेड्याच्या शेतकऱ्याने सोडवला लढाऊ विमानाच्या तोलाचा प्रश्न!' मोठा फोटो. नाना, साहेब, अडकित्ता. खाली बारीक अक्षरात, 'छायाचित्रात विमान धरून उभे असलेले त्यांचे जावई.' कार्यालयाला मी तेच कात्रण खुलासा म्हणून जोडलं. प्रकरण मिटलं.

माझं मिटलं, नानांचं सुरू झालं! धुळे जिल्ह्यातल्या शाळा त्यांना बोलावतात. विषय, 'विमान आणि तोल'. सोबत कोण जातं? मी. विमान सांभाळून न्यायला कोणीतरी लागतं ना. नाना पाऊण तास बोलतात, सुपारी कातरत. हो, अडकित्ता नवा घेतला, जुना विमानाच्या नाकावरच असतो.

परवा एका मुख्याध्यापकांनी नानांना चहा दिला, मग माझ्याकडे बघून अदबीने विचारलं, "आणि हे साहेब काय करतात?"

मी सरळ होऊन बसलो. तोंड उघडणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "हाऊ मना जवाई. हाऊ इमान उचलस."