वाचवलेलं वर्ष

गुरुवार, १६ जुलै १९९८. आखातातला आमचा अल कुसैसचा फ्लॅट, दुपारचे अडीच. हजर : मी, हे आणि आमची लेक. गैरहजर : कोणी नाही.

ह्यांनी ऑफिसच्या पोस्ट बॉक्समधून निकालाचं पाकीट आणलं होतं. लेक अमेरिकन शाळेत होती. तिथे शेवटच्या दोन वर्षांत कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा देता येत. पाचपैकी चार गुण मिळाले की तो विषय कॉलेजात पुन्हा घ्यावा लागत नसे, त्याचे क्रेडिट आधीच जमा होत. तिला दोनच विषय द्यायचे होते. मी पाच द्यायला लावले. कॉलेजचं माहितीपत्रक मागवून मी तक्ता केला होता : पाच विषय, म्हणजे चारऐवजी तीन वर्षं. वाचलेलं वर्ष तिने आमच्याजवळ राहायचं, असं तिघांचं ठरलं होतं.

पाकीट तिनेच फोडलं. "फोर, फाइव्ह, फाइव्ह, फोर, फोर. हॅपी, आई?"

"वर्ष वाचलं गं!"

"खलास," हे तिला म्हणाले. "आता ते वर्षभर हिचं टाइमटेबल. भोग."

"देन आय ॲम स्लीपिंग टिल टेन. पुट इट ऑन युअर लिस्ट."

"नऊ," मी म्हटलं आणि लिहून घेतलं.

ऑगस्टमध्ये ती अमेरिकेला कॉलेजात गेली. सुट्ट्यांना यायची. ह्यांच्या स्पॉन्सरशिपवरचा तिचा व्हिसा टिकवायचा तर सहा महिन्यांच्या आत एकदा इथे यावं लागे. त्या तारखांना मी कॅलेंडरवर लाल गोल करत असे. दोन हजार सालच्या मे महिन्यात तिचा फोन आला. क्रेडिटमुळे ती दोनच वर्षांत शेवटच्या वर्षाला पोचली होती, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच मिळणारी उन्हाळ्यातली इंटर्नशिप तिला मिळाली होती.

"जुलैत चार दिवस तरी ये. व्हिसा जाईल."

"आई, दे वोन्ट गिव्ह लीव्ह. यू ओन्ली सेड, डोन्ट वेस्ट टाइम."

मी तिला वेळेवर जेवत जा म्हटलं.

व्हिसा गेला. पदवी हातात पडली आणि त्याच कंपनीने तिला नोकरीत घेतलं. माझ्या तक्त्यातलं वर्ष तिथेच सुरू झालं. खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण, जिने यातली एकही परीक्षा दिली नाही, ती अजून कॉलेजात आहे आणि प्रत्येक उन्हाळ्यात घरी येते. लिफ्टमध्ये भेटली की "हाय आंटी" म्हणते. मी तिला काहीतरी विचारत राहते, मजला येऊन जातो.

शुक्रवारी डोशाचं पीठ अजून तिघांचंच भिजतं. आम्ही शनिवारीही डोसेच खातो.

ह्यांच्या ऑफिसात सरकारी कागद बघणारे पीआरओ दोनदा म्हणाले, "मॅडम, बेटी का नाम फाइल से निकालना पड़ेगा." टायपिंग सेंटरमधून अरबी अर्ज टाइप करून आणला. पासपोर्टच्या प्रती जोडल्या. ह्यांची सही घेतली.

नेऊन द्यायचा राहिला आहे.