निळ्या तबकडीची जोडी

दुकानात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मालक म्हणत 'मनगट', आणि बाकीचे विक्रेते मान राखायचा म्हणून 'मनगटराव'. कारणही तसंच होतं. बाकी माणूस अगदी चारचौघांसारखा, पोट थोडं सुटलेलं, डोक्यावर विरळ केस. पण मनगट मात्र देवानं सवडीनं बसून घडवलेलं. त्यावर कुठलंही घड्याळ चढवा, शोभलंच म्हणून समजा! काचेखाली पडलेल्या घड्याळाकडे बघून गिऱ्हाईक नाक मुरडायचं, आणि तेच घड्याळ या हातावर बघितलं की पाघळायचं.

दुकान भारी घड्याळांचं. आत शिरल्यावर लोक आपोआप हळू बोलायला लागत, इतकं भारी. तिथली एक रीत होती. विक्रेत्याच्या हातावर साधं घड्याळ दिसणं मालकांना खपत नसे, म्हणून सकाळी तिजोरीतून प्रत्येकाला दुकानातलंच एक घड्याळ घालायला मिळे आणि संध्याकाळी दुकान बंद होताना ते मखमलीच्या ट्रेमध्ये परत जाई. परत आलेलं प्रत्येक घड्याळ मनगटराव भिंगाखाली धरून बघत, किल्ली फिरवून बघत, मग ट्रेमध्ये ठेवत. सगळ्यात शेवटी स्वतःचं उतरवून ठेवत, निळ्या तबकडीचं. ते मात्र कोणी तपासत नसे. बघणाऱ्याला कोण बघणार? आणि मनगटरावांवर संशय घ्यायचा म्हणजे मालकांनी स्वतःच्या सावलीवर घेण्यासारखं होतं.

गिऱ्हाइकांचा एक प्रश्न ठरलेला असे. "बाजारात हुबेहूब नक्कल मिळते हो. मग या खऱ्यासाठी घर विकायचं की काय?" त्यावर मनगटरावांचं उत्तरही ठरलेलं. "साहेब, दिसायला दोन्ही सारखीच. एखाद्या वेळी मीही फसेन. पण खरं घड्याळ तुमच्यानंतर तुमच्या मुलाच्या हातावर चालतं. नक्कल तुमच्याच हातावर मरते." एवढं ऐकलं की बापमंडळी विरघळलीच. पाठ केलेलं वाक्य होतं, पण खोटं नव्हतं. मनगटराव ते मनापासून बोलत.

आता अशा माणसानं काय करावं? तर पुलाखालच्या बाजारातून नकली घड्याळ विकत घ्यावं! हसू नका, आधी ऐकून घ्या.

झालं असं की दुकानात त्यांना पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा मालकांनी छोटा समारंभ केला. बायकोनं घरी आधीच डंका पिटून ठेवलेला. "घड्याळाच्या दुकानात एवढी वर्षं काढली, मग घड्याळच देणार ना, आणखी काय देणार?" सासूबाई आल्या, मेहुणा आला, मेहुण्याची बायको तर नवी साडी नेसून आली. आणि इकडे मालकांनी गळ्यात हार घातला, पाठीवर थाप मारली आणि हातात दिला थर्मास. थर्मास! चहा गरम ठेवायचा! मनगटराव तो काखेत मारून घराकडे निघाले, पण पाय उचलेनात. घरी सगळे माना उंच करून दाराकडे बघत असणार, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. पुलापाशी ते वळले. थर्मास एका बाकावर सोडून दिला, आणि आपण रोज घालतो त्याच निळ्या तबकडीची नक्कल हातावर चढवून घरी गेले.

बायकोनं हात हातात घेऊन ते डोळे भरून बघितलं. सासूबाईंनी जावयाकडे आयुष्यात पहिल्यांदा कौतुकानं पाहिलं. मुलगा तेव्हा शाळेत होता. तो तर घड्याळाला कान लावूनच झोपला. मग कुठल्या तोंडानं खरं सांगायचं? 'भारी वस्तू रोज वापरायची नसते' म्हणून ते घड्याळ कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं. मनगटरावही हळूहळू ते विसरले. माणूस स्वतःची थाप जितक्या लवकर विसरतो, तितक्या लवकर दुसऱ्याची विसरत नाही.

वर्षं गेली. मुलगा मोठा झाला, शिक्षण अर्धवट सोडून घरी बसला. आणि एका दुपारी दुकानात पांढरे बूट शिरले.

त्या माणसाला सगळं गाव याच नावानं ओळखत होतं. जुन्या गाड्यांचा धंदा, असं म्हणायचं. बाकीचं कोणी मोठ्यानं म्हणत नसे. आवाज मऊ, कपडे इस्त्रीचे, बुटांवर कधी डाग नाही. एका रंगाऱ्यानं म्हणे त्याला कसल्याशा व्यवहारात फसवलं होतं. तो रंगारी अजून याच गावात राहतो, पण आता त्याची बायको त्याला भरवते. उजव्या हाताला चमचासुद्धा धरता येत नाही.

पांढऱ्या बुटांनी नेमके मनगटरावच गाठले. खिशातून रुमाल काढला, तो काउंटरवर उलगडला आणि आतलं घड्याळ पुढे सरकवलं. "जरा बघता का?"

मनगटरावांना भिंग लागलंच नाही. निळी तबकडी, आणि पट्ट्याच्या कडीवर त्यांच्याच कपाटाच्या दाराचा ओरखडा.

"लोक म्हणतात, पुलाखाली असंच मिळतं आणि फरक कळत नाही," पांढरे बूट म्हणाले. "मग माणसानं खऱ्याच्या मागे का लागावं हो?"

मनगटराव सवयीनं सुरू झाले. "साहेब, दिसायला दोन्ही सारखीच. पण खरं घड्याळ तुमच्यानंतर..." आणि तिथेच जीभ अडली. पुढचा शब्द 'मुलाच्या' होता.

"हे मला एका पोरानं दिलंय," तो माणूस म्हणाला. "म्हणाला, वडलांना दुकानानं बक्षीस दिलं. गोड पोरगा आहे. नाक अगदी तुमच्यासारखं. आता हे खरं असलं तर प्रश्नच नाही. खोटं निघालं तर मात्र पोरगा लबाड ठरला. आणि लबाडाशी मला नीट वागता येत नाही, तो माझा स्वभावच आहे."

आता सांगायचं होतं काय? एकच वाक्य. लबाड पोरगा नाही, लबाड मी आहे. संपलं असतं! पण शेजारी मालक एका जोडप्याला घड्याळ दाखवत उभे होते, त्यांचा कान इकडेच. पलीकडे काचेच्या खोलीत दुकानाचा कारागीर मान खाली घालून बसलेला. सगळ्यांदेखत म्हणायचं की नकलीवर भाषणं देणाऱ्या मनगटरावांनी पुलाखालून नकली आणलं आणि घरच्यांना खरं म्हणून दाखवलं? आणि तो रंगारी, त्याचा तो हात. मनगटरावांनी भिंग डोळ्याला लावलं, उगाच इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाले, "खरं आहे."

"वा!" पांढरे बूट मनापासून खूश झाल्यासारखे दिसले. "मग तुमच्या कारागिराकडून उघडून तेल घालून ठेवा. उद्या सकाळी येतो."

गेले. मनगटरावांनी ते घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं. कारागिराकडे द्यायची सोयच नव्हती. त्यानं मागचं झाकण उघडलं असतं की बोंब झाली असती, कारण दुरुस्तीला आलेलं नकली घड्याळ मालकांपुढे ठेवायचं, असा दुकानाचा नियम. आणि हा नियम करायला लावला होता कोणी? मनगटरावांनीच!

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांची घड्याळं तपासली, किल्ल्या फिरवल्या, ट्रे भरला. शेवटी स्वतःच्या हाताकडे वळले. पांढऱ्या बुटांनी ते दुसऱ्या कोणाला दाखवलं तर पोराचं काही खरं नाही, म्हणून हाताशी खरं असलेलं बरं. एका रात्रीचा प्रश्न आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पोराशी बोलू, त्याचा व्यवहार उलटवू, उद्या सकाळी सगळं जागच्या जागी. खरं घड्याळ खिशात गेलं आणि ड्रॉवरमधलं मखमलीवर. मालकांनी ट्रेकडे नजर टाकली, "चला मनगट, उशीर झाला," म्हणाले आणि तिजोरी लावून घेतली. इतकं सोपं होतं. त्या सोपेपणाचीच मनगटरावांना जास्त भीती वाटली.

घराच्या दारात एक मोटारसायकल उभी होती, जुनी पण चकाचक पुसलेली. मुलगा तिच्याशेजारी उकिडवा बसून चाकाच्या तारा पुसत होता. बापाला बघून उठला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा असा उजळलेला दिसत होता.

"बाबा, रागावू नका हं. तुमचं घड्याळ दिलं मी. नुसतं धूळ खात पडलं होतं कपाटात. त्याच्या बदल्यात ही गाडी मिळाली, आणि वर नोकरीपण! सोमवारपासून त्यांची पार्सलं पोचवायची. माणूस फार चांगला आहे. तुमच्याबद्दल किती आपुलकीनं विचारत होता."

"काय विचारत होता?"

"असंच. दुकान कसं चालतं, तुम्ही काय करता. मी सांगितलं, माझ्या बाबांच्या शब्दावर दुकान चालतं. सगळ्यांची घड्याळं तेच तपासतात, त्यांचं कोणी तपासत नाही."

बायको आतून पदराला हात पुसत आली. "आता बोलू नका हो त्याला काही. मलाही आधी वाईट वाटलं, एवढी बक्षिसाची वस्तू. पण शेवटी लेकाच्याच कामाला आली ना? कोणासाठी कमावलंत मग?"

मनगटराव उंबऱ्यात उभे. खिशातल्या हातात ते थंडगार पोलाद. गाडी परत कर, असं ते एकदा म्हणाले, पण इतक्या हळू की मुलाला वाटलं बाबा गाडीचं कौतुक करतायत. "बसा ना मागे, एक चक्कर मारून आणतो," तो म्हणाला. आणि मनगटराव बसले. काय म्हणावं या माणसाला! लेकाच्या खांद्याला धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, आणि तेवढ्या वाटेत तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

सकाळी दुकान उघडून कर्मचारी काचा पुसत होते तेवढ्यात पांढरे बूट हजर. मनगटरावांनी खरं घड्याळ रुमालात ठेवून पुढे केलं. त्यांच्या स्वतःच्या हातावर आज ट्रेमधून निघालेलं नकली होतं. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मालकांनी तर येता येता म्हटलंदेखील, "मनगट, आज चमकतंय रे."

त्या माणसानं घड्याळ उचललं. कानाशी नेऊन हलकेच हलवलं, ऐकलं. मग खिशातून चक्क स्वतःचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, सरावलेल्या बोटांनी किल्ली फिरवली. असं भिंग धरायला वर्षं लागतात, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

"हे खरं आहे," पांढरे बूट म्हणाले. "काल आणलेलं खोटं होतं."

मनगटरावांनी नकली घातलेला हात काउंटरखाली घेतला.

"घाबरू नका, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोरगा बिचारा खरंच बोलत होता, त्याला काही ठाऊकच नाही. म्हटलं, बाप काय करतो बघू या." तो किंचित पुढे वाकला. आवाज कालच्यासारखाच मऊ. "खरं सांगितलं असतंत ना काल, तर हसून निघून गेलो असतो. गाडीसुद्धा पोराकडेच राहू दिली असती."

मग त्यानं दुसऱ्या खिशातून कापडाची एक लहान थैली काढली आणि काउंटरवर ठेवली. मनगटरावांनी दोरी सैल करून आत बघितलं. आत घड्याळं होती. सोनेरी कडेचं, काळ्या पट्ट्याचं, चंद्राच्या खिडकीचं. विक्रेत्यांच्या ट्रेमधल्या प्रत्येकाची नक्कल, आणि अगदी हुबेहूब. त्यांतलं एकेक खरं घड्याळ मनगटरावांनी काल संध्याकाळीच हाताळलं होतं.

"यातलं सोनेरी आधी बदला," पांढरे बूट म्हणाले. "घाई नाही. तुमच्या सोयीनं."

"माझ्या पोराला..." मनगटराव काउंटरवर वाकले. "त्याला यात ओढू नका. हवं तर पाया पडतो तुमच्या. मी सगळं करतो, पण त्याला नको."

"छे, छे, त्याला कशाला ओढू? तो लेकरू आहे." पांढऱ्या बुटांनी रुमालाची नीट घडी घातली. "शुक्रवारी दुपारी त्यालाच पाठवतो पार्सल घ्यायला. तुम्ही खरं घड्याळ बंद खोक्यात घालून त्याच्या हातात द्या. आत काय आहे, त्याला कळायचं कारणच नाही. कधी धरलाच गेला, तर नाव त्याचं लागेल, तुमचं नाही. म्हणजे तुम्हीही सुरक्षित."

दाराशी एक म्हातारं जोडपं घुटमळत होतं. मालकांनी पलीकडून आवाज दिला, "मनगट, बघ रे जरा, गिऱ्हाईक उभं आहे." मनगटरावांनी ड्रॉवर उघडला, बिलांचे कागद बाजूला सारून जागा केली आणि थैली आत ठेवली.