चित्राएवढी गाडी

आमच्या सोप्यात देवांच्या फोटोंपेक्षा मोठी एक चौकट आहे. तिच्यात देव नाही, मोटार आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्करातली ड्रायव्हरची नोकरी संपवून गावी आल्यावर पाचगणीच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांकडून जुनी विलायती गाडी घेतली. साहेबांनी गाडीबरोबर तिच्या जाहिरातीचं पानही दिलं, कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापलेलं. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली गेली आणि पान चौकटीत.

चित्रात गाडीचं बोनेट इतकं लांब की पुढचा दिवा आष्ट्यात पोचला तरी मागचं चाक आमच्या वेशीतच असावं. आतली माणसं मात्र शेंगदाण्याएवढी. मागच्या सीटवर टोप्या घातलेल्या दोन बायका आणि त्यांच्या मधे एखादी पंगत उठेल एवढी जागा. खऱ्या गाडीतून जत्रेला जाताना चुलत्यांचं घर आणि आमचं घर एकमेकांच्या मांडीवर असायचं आणि नैवेद्याचा डबा आण्णांच्या पायाशी, ब्रेकच्या शेजारी.

पुढे साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवताना मी असल्या जाहिरातींबद्दल वाचलं. चित्रकार गाडी ओढून लांब करायचे, छत दाबायचे आणि माणसं आखडायचे. गाडी थोर दिसायची तर माणूस लहान करणं भाग असतं. आमच्याकडच्या चौकातही हीच रीत चालते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर उत्सवमूर्ती कमानीएवढी आणि खाली शुभेच्छुक शर्टाच्या गुंड्यांएवढे. मी हे सगळं आण्णांना एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला गाडी चालवाय येती का?" मला येत नव्हती. विषय संपला.

गेली काही वर्षं आण्णा विसरत चाललेत. आधी नावं गेली, मग शेताच्या वाटा, आणि आता माझा धाकटा भाऊही आठवणीतून गेला. मी महिन्यातून एखादी खेप टाकणारी. मला ते निदान घरातलीच कुणीतरी बाई समजतात. भाऊ त्यांना अंघोळ घालतो, भरवतो, रात्री उशाशी झोपतो, आणि सकाळी त्यालाच ते विचारतात, "कुणाकडचं पावणं म्हनायचं?" सांगलीच्या डॉक्टरांनी फार आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं. भावानं ते ऐकलं आणि पत्र्याखालची गाडी बाहेर काढली.

वर्षभर तो त्या गाडीच्या मागे होता. इंजिन सांगलीला नेलं, सीटा शिवून घेतल्या, जुन्या रंगाशी जुळेल असा रंग मिळवला. मला फोनवर म्हणाला, "आक्का, गाडीत बसलं की वळकत्याल बघ. चालवाय त्यांनीच शिकवलीय मला." आण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यांना त्या गाडीतून देवळापर्यंत न्यायचं ठरलं. शंका काढणं हा माझा जुना धंदा आहे, पण त्याच्या आवाजात तिला जागा नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पोचले तर फाटकाशी भलामोठा फ्लेक्स. त्यावर आण्णांचा चेहरा आणि शेजारी गाडी. पण आमची नव्हे, चौकटीतली. तीही फ्लेक्सच्या मापाला बसावी म्हणून आणखी ताणलेली. भावाच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "आत्या, खरीचा फोटो लावून बघितला. लय बारकी दिसती. लोकं हसली असती."

आण्णा फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले. चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "आमची."

मग भावानं खरी गाडी अंगणात आणली. फुलांच्या माळा, चकचकीत दिवे. आण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि थांबले.

"ही आमची न्हवं."

"आवं आण्णा, हीच की," भाऊ म्हणाला.

"आमची लय लांब हाय. हिचं तोंड कुनी कापलंय. ज्याची हाय त्याला दिऊन टाका, उगं चोरीचा आळ यील."

जमलेले पाव्हणे हसले. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला अजून पारख हाय बरं का." आण्णा काही गाडीत बसले नाहीत. देवळात चालत गेले, आणि फुलं लावलेली गाडी अंगणात तशीच उभी राहिली.

दुपारी पंगती उठल्यावर भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. "आक्का, आष्ट्यातला पत्रेवाला म्हणतोय, पुढं फूटभर जोड देतो. दिऊ काय?" मला हसू आलं. तो हसला नाही. वर्षभर खपून जी गाडी त्यानं जशी होती तशी केली, ती आता तो मोडायला निघाला होता.

मी सोप्यात जाऊन चौकटीपुढे उभी राहिले. चित्रकार कुठे बसला असेल, एवढंच शोधत होते. तो खाली होता, जवळजवळ जमिनीवर, पुढच्या दिव्याला खेटून. तिथून दिवा परातीएवढा दिसतो आणि बोनेट मागे निमुळतं होत जातं.

मी जेवणाचा पाट उचलला आणि गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी ठेवला. भावानं आणि मी आण्णांना दोन्हीकडून धरून त्यावर बसवलं. ते कुरकुरले. "हितं काय पंगत हाय व्हय?" मग समोर बघितलं. हात पुढे करून दिव्याची कड चाचपली. मडगार्डावरून बोटं मागे नेली, हात पुरेल तिथपर्यंत.

"आली की," ते म्हणाले. "व्हय. हीच."

भाऊ त्यांच्यासमोर उकिडवा बसला. विचारू नको असं मी त्याला खुणेनं सांगत होते. त्यानं विचारलंच. "आण्णा, मी कोण?"

आण्णांनी त्याला निरखलं. नखांत बसलेलं ऑइल बघितलं. "डायवर न्हवं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, गडी चांगला हाय. गाडी राखलीया. ह्याला सोडू नका."

"न्हाई सोडत," मी म्हणाले. भाऊ उठला, पँट झटकली आणि मागचं दार उघडून धरलं. या गाडीत आण्णा आजवर कधी मागे बसले नव्हते. आता बसले, ऐटीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"सावकाश," ते भावाच्या पाठीला म्हणाले. "लांब गाडी हाय. वळणाला बगून घ्या."

"व्हय," भाऊ म्हणाला. आमच्या फाटकातून ती गाडी सरळ निघते. त्यानं ती अंगणाच्या पार पलीकडच्या टोकापर्यंत मागे घेतली आणि मोठा वळसा घालून, अगदी हळू, बाहेर काढली.